मदत हवी आहे: निर्मात्याने फक्त पैसाच लावायचा असतो का? (अहिराणी सिनेमा, अमळनेर)

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यात माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. थोरल्या भावाचा मुलगा पुण्याहून सिनेमा शिकून आला आणि त्याने अहिराणीत दोन तासांचा सिनेमा लिहिला. ऐकताना वडिलांचं बोलणं कानात आलं, म्हणून मी निर्माता व्हायला हो म्हटलं. पोरं म्हणाली, "काका, तुम्ही फक्त पैसा लावा, बाकी आम्ही देखी लेसूत."

होळीनंतर बोरी नदीच्या काठी दोन दिवस शूटिंग केलं. तेवढ्यात माझ्या खिशात एकोणीस चिठ्ठ्या जमल्या: जनरेटरचं डिझेल, बर्फ, कॅमेऱ्याचं भाडं, गाडीवानाची मजुरी. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला बैलजोडी हजर, पण गाडीत बसणारा नट चाळीसगावहून निघालेलाच नव्हता. त्याला किती वाजता बोलावलंय, हे एकालाही सांगता येईना. पस्तीस माणसं निंबाखाली बसून राहिली. लग्नात पंगत खोळंबली तर घोडं कुठे अडलंय हे मला लगेच कळतं. इथे कळेना, याचं फार वाईट वाटलं.

पोराच्या कामात मला लुडबुड करायची नाही. पण निर्मात्याचं नेमकं काम काय, आणि ते कुठपर्यंत चालतं? पुढचं शूटिंग वीस दिवसांचं आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

भाऊ, मी बारा वर्षं प्रॉडक्शनमध्ये आहे, मूळचा धुळ्याचा. खिशातल्या त्या चिठ्ठ्या म्हणजेच निर्मात्याचं काम, फक्त ते शूटिंगच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवं होतं.

सगळ्यात आधी कागद. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा 'कर्ता' निर्मात्यालाच धरलंय. कथेचे हक्क मात्र लेखकाचे, ते लेखी करार करूनच घ्यावे लागतात. पुतण्या आहे म्हणून तोंडी ठेवू नका. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो. यूट्यूबवर गाजलेलं एखादं अहिराणी गाणं घ्यायचं असेल, तर ज्याच्याकडे हक्क आहेत त्याची परवानगी आधी घ्या.

मग बजेट. नवे लोक शूटिंगपुरताच हिशोब करतात. एडिटिंग, डबिंग, पार्श्वसंगीत, रंगसंस्करण, डीसीपी (थिएटरात चालवायची सिनेमाची डिजिटल प्रत), पोस्टर, जाहिरात, हे सगळं नंतर येतं आणि तेव्हा हात रिकामा असतो. एकूण रकमेचा दहावा हिस्सा बाजूला काढा, त्याला हात लावू नका. रोज रात्री उद्याची कॉलशीट निघाली पाहिजे: कोण, किती वाजता, कुठे, कशासाठी. ती असती तर तुमचा नट वेळेवर आला असता. हे काम एका प्रॉडक्शन मॅनेजरला द्या, पण झोपण्याआधी कॉलशीट तुम्ही स्वतः वाचा. कॅमेऱ्याचं कार्ड रोज दोन वेगळ्या हार्डडिस्कवर उतरवलंय ना, तेही विचारा. सेटवर फोटो काढणारा एक माणूस ठेवा, नाहीतर पोस्टरच्या वेळी हाती काहीच नसतं.

दृश्य कसं घ्यायचं ते पुतण्या ठरवेल. ते परवडतंय का, वेळेत बसतंय का, हे तुम्ही बघायचं. याला लुडबुड म्हणत नाहीत.

आणि जेवण! १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी सरस्वतीबाई फाळके सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायच्या. माणसं वेळेवर जेवली की काम सरळ चालतं, हे तुम्हाला पंगतीवरून ठाऊकच आहे.

शेवटी सेन्सॉर. अर्ज निर्माताच करतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएमध्ये (म्हणजे लहानांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमाच्या प्रमाणपत्रात) ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे आलेत. कथेत मारामारी असेल तर पोस्टर छापण्याआधी हे डोक्यात असू द्या. त्यानंतर वितरक, थिएटरवाल्यांशी वाटणी आणि सगळ्यांची देणी, हेही तुमच्याकडेच.

एक गोष्ट मात्र खटकली. बैलांसाठी जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी घेतली होती का?

धागाकर्ता

नाही हो. त्या मंडळाचं नावही आजच ऐकलं. बैल शेजाऱ्याचे, गाडीला जुंपून पाचशे पावलं चालवले.

प्रतिसाद १

चाललेले असले तरी परवानगी लागतेच. सेन्सॉरला त्या मंडळाचं ना-हरकत पत्र मागतात, त्यावाचून तो भाग अडकतो. ते दृश्य पुन्हा घ्यावं लागेल असंच धरून चाला. अर्ज करायच्या आधी गावातल्या पशुवैद्यकांकडून बैलांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र घ्या, आणि परवानगी हातात आल्याशिवाय बैलांची तारीख लावू नका.

धागाकर्ता

उद्या सकाळीच जातो. पुतण्याशी कराराचं आज रात्री जेवताना बोलतो.