‘डोळे मिटून होस्ट लावा’ म्हणणाऱ्यांना

खडूस_अ‍ॅडमिन
परवा एकाने ठोकून दिलं, "प्रॉक्समॉक्सवर सीपीयू टाइप डोळे मिटून होस्ट ठेवा, बाकीचे पर्याय भित्र्यांसाठी." (प्रॉक्समॉक्स म्हणजे एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं, व्हीएम, चालवायची प्रणाली; होस्ट म्हणजे खरा प्रोसेसर व्हीएमला जसाच्या तसा दाखवणं.) मी भित्रा आहे बाबा. कारण ऐका. क्लस्टरमध्ये एक यंत्र इंटेलच्या हॅसवेल पिढीचं, एक त्याआधीच्या आयव्ही ब्रिजचं. सगळे व्हीएम होस्टवर. रात्री दोनला हॅसवेलचा पंखा गेला म्हणून चालू व्हीएम शेजारी सरकवला. मायग्रेशन हिरवं झालं, मी चहा टाकला. परत येतो तर एकेक प्रोसेस ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत आडवी. जीलिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी प्रोसेस सुरू होतानाच सीपीयूआयडीला (प्रोसेसरला काय काय येतं ते सांगणारी सूचना) विचारून एव्हीएक्स२ या वेगवान सूचनासंचावर चालणारं स्ट्रलेन, म्हणजे मजकुराची लांबी मोजणारं फंक्शन, निवडते. नंतर परत कोण विचारतंय? आणि आयव्ही ब्रिजला एव्हीएक्स२ नाहीच.

होमलॅब_पुणेकर
दोन पिढ्यांची यंत्रं एका दावणीला बांधलीत, ही चूक होस्टची का? माझी तिन्ही सारखी आहेत. आणि तुमच्या त्या सुरक्षित केव्हीएम६४ वर, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या किमान सीपीयू टाइपवर, अल्मालिनक्स ९ बूट करून दाखवा. "सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२", म्हणजे सूचनांची दुसरी पायरीच नाही, खेळ खल्लास. खाली झिऑन (सर्व्हरचा प्रोसेसर) घामाघूम बसलाय आणि गेस्टला, म्हणजे व्हीएममधल्या सिस्टिमला, वाटतंय आपण २००५ सालात आहोत. एन्क्रिप्शन वेगात करणाऱ्या एईएस सूचना दिसत नाहीत म्हणून बॅकअपचं एन्क्रिप्शन रडतखडत चाललं होतं, ते वेगळंच.

खडूस_अ‍ॅडमिन
केव्हीएम६४ लावा असं मी कुठे म्हटलं? २०२३ पासून, म्हणजे प्रॉक्समॉक्स ८.० पासून, नवीन व्हीएमला डीफॉल्ट एक्स८६-६४-व्ही२-एईएस मिळतं. मागचं वाचून बोलत जा.

बिट_३१
दोघंही अर्धवट. सीपीयूआयडी ही सूचना हायपरवायझरकडे (व्हीएम चालवणाऱ्या थराकडे) अडते, तिचं उत्तर तो हवं तसं रंगवतो. पण एईएसचा बिट लपवला तरी एईएसच्या सूचना गेस्टमध्ये बिनबोभाट चालतात, कुणी अडवत नाही. दाराला कुलूप नाही, फक्त पाटी काढलीय. एव्हीएक्सचं तसं नाही. तिथे एक्ससीआर० या नियंत्रण-रजिस्टरमध्ये परवानगी लागते, ती नसेल तर खरंच आपटता.

वेस्टमेअरवाला
पाटी-कुलूप ठीक आहे हो, पण ज्याच्याकडे घरच नाही त्याने काय करायचं? लॅमिंग्टन रोडवरून जुना सर्व्हर आणला, वेस्टमेअर पिढीचे दोन झिऑन, भरपूर रॅम. मोंगो ५ हा डेटाबेस म्हणतो एव्हीएक्स आण. होस्ट लावा नाहीतर अजून काही, सिलिकॉनमध्येच नाही! आता रेडहॅट १० ला व्ही३, म्हणजे त्याहून वरची पायरी, पाहिजे. उद्या पत्रिका मागतील.

होमलॅब_पुणेकर
२०१० चा चिप आहे तो. वीजबिल बघितलंत का कधी?

वेस्टमेअरवाला
बिल मी भरतो, तुम्ही नाही. आणि वयाचं सांगू नका. सेलेरॉन जे४१२५ हा २०१९ चा. त्यात आहे एव्हीएक्स? नाही. निम्म्या लोकांच्या घरच्या पेट्यांत तोच बसलाय.

होमलॅब_पुणेकर
मग मोंगो ४.४ वर राहा.

वेस्टमेअरवाला
त्याचा सपोर्ट २०२४ च्या फेब्रुवारीत संपला. छान सल्ला. पॅच तुम्ही पाठवणार का?

बिट_३१
सोर्सवरून स्वतः बिल्ड करा, एव्हीएक्सचे फ्लॅग काढून.

वेस्टमेअरवाला
केलं. रात्रभर पंखे विमानासारखे. सकाळी रॅम संपून लिंकर मेला. बायको म्हणाली, गिरणी बंद कर.

खडूस_अ‍ॅडमिन
धागा कुठे होता, कुठे गेला. असो. पुणेकर, तुमचं एक मान्य करतो, तेही दात-ओठ खाऊन. २०१८ ला स्पेक्टर हा प्रोसेसरमधला सुरक्षादोष बाहेर आला तेव्हा ठरावीक मॉडेलवाल्यांनी स्पेक-सीटीआरएल हा फ्लॅग हाताने जोडला नाही, तर गेस्टला नवा मायक्रोकोड (प्रोसेसरमधली दुरुस्ती) दिसलाच नाही. होस्टवाल्यांना तो आपोआप दिसला. पुढच्या वर्षी एमडी-क्लिअर या फ्लॅगचं तेच.

होमलॅब_पुणेकर
म्हणजे मी बरोबर.

खडूस_अ‍ॅडमिन
सगळी यंत्रं एकसारखी असेपर्यंत. चौथं घ्याल तेव्हा तेही त्याच पिढीचं मिळतंय का बघा.

होमलॅब_पुणेकर
... चौथं ऑर्डर केलंय. एएमडी आहे.

वेस्टमेअरवाला
तिन्ही जुनी विकणार असाल तर सांगा.