क्लायंटसमोर घालायला रोलेक्सची फर्स्ट कॉपी घ्यावी का?

वाकडचा_पाहुणा
मंडळी, जरा सल्ला हवाय. मी पुण्यात रिअल इस्टेट सेल्सला आहे, आत्ताच मला मोठ्या फ्लॅट्सच्या टीममध्ये टाकलंय आणि इथे ज्याच्या त्याच्या हातात भारी घड्याळ. रोलेक्सचं सबमरीनर मला कॉलेजपासून आवडतं, काळी डायल, भोवतीची काळी कडी (बेझल), बघतच राहावं असं. पण खरं नऊ-दहा लाखांच्या घरात, आणि पैसे असले तरी दुकानात गेल्या गेल्या मिळेलच असं नाही. इन्स्टावर एक जण बारा हजाराला 'सेव्हन ए' फर्स्ट कॉपी देतोय, बॉक्स, कार्ड सगळं, म्हणतो शोरूमवाल्यालाही कळणार नाही. बजेट ओढूनताणून पंधरा. घेऊ का? कायद्याचं काही लफडं होतं का? बायको म्हणते त्यापेक्षा टायटन घाल.

रात्रपाळी
घे रे बिनधास्त. माझ्याकडे मुंबईच्या मनीष मार्केटमधलं आहे, लग्नाकार्यात घालतो, मस्त दिसतं. आपण तसंही दहा लाखांचं घेणार नव्हतो, मग कंपनीचं काय गेलं? आवडतं ते हातात घालायला मिळालं ना, झालं. फक्त पाण्यात घालू नको.

काटे_आणि_चावी
माझं ऐक, घेऊ नकोस. आमचं सांगलीला रिपेअरिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं, आणि या कॉप्या आठवड्याला येतात आमच्याकडे. 'सेव्हन ए' असलं काही ग्रेडिंग नसतंच, कोण तपासतं, कोण शिक्का मारतं? विकणाऱ्यांनीच काढलेलं नाव आहे ते. परवाचंच सांगतो, एकाचं आलं, काचेच्या आतून वाफ धरलेली. मागचं झाकण उघडलं तर रोटरवर (हात हलला की आत फिरतो तो भाग) छान रोलेक्स कोरलेलं, आणि खाली डीजी २८१३, चीनचं एकदम स्वस्तातलं मशीन. केस म्हणजे बाहेरची डबी मोठी, मशीन लहान, म्हणून मधली फट भरायला पांढरी प्लास्टिकची रिंग बसवलेली. चावीच्या आतला रबर वॉशर इतका बारीक की बोटाने ओढल्यावर तुटला. डायलवर लिहिलंय ३०० मीटर, आणि पावसात गाडीवरून ऑफिसला जाण्यात पाणी आत. मशीनवर गंज आला होता. असल्या घड्याळाला दुरुस्ती म्हणजे अख्खं मशीन बदलायचं, त्याला स्वतःचे पार्ट कुठून आणू? रोलेक्सच्या सर्व्हिस सेंटरला तर नकली घड्याळ हातात धरत नाहीत.

आणि ओळखू येत नाही म्हणतो ना तो, तर खऱ्या सबमरीनरचा सेकंद काटा सेकंदाला आठ बारीक टप्पे घेतो, ताशी २८,८०० ठोके. या मशीनचे २१,६०० म्हणजे सहाच. नजर बसलेल्या माणसाला तो फरक दिसतो. त्याहून सोपं म्हणजे तारखेवरचं भिंग. खऱ्यात तारीख अडीच पट मोठी होऊन खिडकी भरून दिसते, स्वस्त कॉपीत तारीख आपली लहानच बसलेली असते. हे बघायला झाकण उघडावं लागत नाही, चहाच्या कपाला हात लावलास तरी समोरच्याला दिसतं.

महागातल्या कॉप्या यापेक्षा खूप चांगल्या असतात हे खरं आहे, मी बघितल्यात, पण त्या बारा हजारात मिळत नाहीत.

कोर्टाची_पायरी
कायद्याचं थोडक्यात. ट्रेड मार्क्स ॲक्ट १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ मध्ये खोटा मार्क लावणारा आणि तसा माल विकणारा अडकतो, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. स्वतः वापरायला घेणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. पण उद्या तेच तू 'ओरिजनल आहे' म्हणून कोणाला विकलंस तर ती सरळ फसवणूक. इटलीसारख्या देशात घेणाऱ्यालाही दंड आहे, तेव्हा तिकडे फिरायला गेलास तर रस्त्यावरून असलं काही घेऊ नको. इन्स्टावाला बिल देणार नाही, म्हणजे माल बंद निघाला तर भांडायलाही हातात काही नाही.

डोंबिवली_फास्ट_लोकल
मी हल्लीच फ्लॅट घेतला म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते. वीस-तीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेताना मी एकच बघत होते, समोरचा कार्पेट एरिया आणि पझेशनची तारीख खरी सांगतोय का. त्या माणसाच्या हातातलं घड्याळ नकली निघालं असतं तर मी महारेराची साइट उघडून त्याची प्रत्येक गोष्ट ताडून बघितली असती. तुझ्या धंद्यात विश्वासच विकला जातो ना, मग तिथेच कशाला शंकेला जागा ठेवायची?

जुनी_घड्याळं
वरचा मुद्दा एकदम बरोबर. सबमरीनरचा लूकच आवडत असेल तर इन्व्हिक्टा प्रो डायव्हर बघ. दिसायला तसंच, पण डायलवर स्वतःचं नाव, कोणाचं चोरलेलं नाही. ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीवर चालणारं घेतलंस तर त्यात बहुतेक सेको या जपानी कंपनीचं एनएच ३५ मशीन असतं, जे कुठलाही बरा कारागीर उघडू शकतो. आणि स्वस्तात 'जुनं ओरिजनल एचएमटी' ऑनलाइन दिसलं तर घाईने घेऊ नको. डायल नव्याने रंगवलेली, काटे एकाचे, मशीन दुसऱ्याचं असला माल आपल्याकडूनच जगभर जातो, परदेशातले कलेक्टर त्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं घेतलं जातं याचं मला फार वाईट वाटतं. हिरवा, जांभळा असल्या चकचकीत रंगाचा एचएमटी पायलट दिसला की पुढे सरकायचं.

वाकडचा_पाहुणा
सगळ्यांचे आभार. @डोंबिवली_फास्ट_लोकल, तुमचं वाचून बराच वेळ विचार करत बसलो. कॉपी कॅन्सल, त्याला मेसेज करून टाकला. आता इन्व्हिक्टा की टायटनचं ऑटोमॅटिक? माझं मनगट बारीक आहे.

काटे_आणि_चावी
बारीक मनगट असेल तर ४० एमएमच्या वर जाऊ नको. प्रो डायव्हर नावाखाली पार ४५-४७ एमएमची पण घड्याळं आहेत, फोटोत फरक कळत नाही, तेव्हा साइझ वाचून घे. शर्टाच्या बाहीखाली जायला हवं असेल तर टायटनमध्ये पातळ केस बघ. दुकानात जा, पूर्ण बाहीचा शर्ट घालून जा, आणि वॉरंटी कार्डवर तारीख-शिक्का मारून घेतल्याशिवाय निघू नको.