मदत हवी आहे: सनओएस ४.१.४ (सन कंपनीची जुनी युनिक्स प्रणाली) मध्ये चालू कर्नलमधली, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातली, मूल्यं बदलणे

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतल्या एका काकांच्या माळ्यावरची स्पार्कस्टेशन ५ (सनचाच जुना संगणक) माझ्याकडे आली आहे. एनव्हीरॅमची (मशीनची सेटिंग्ज जपणाऱ्या चिपची) बॅटरी मेलेली (ती कुणाची जिवंत असते म्हणा!), बाकी मशीन ठणठणीत.

फाइल पाठवताना वेग फारच कमी मिळतो. रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन एडीबी या डीबगरने टीसीपी_सेंडस्पेस आणि टीसीपी_रिसीव्हस्पेस (टीसीपी जोडणीचे पाठवण्याचे आणि घेण्याचे बफर, बाइटमध्ये) वाचले, दोन्ही ४०९६. ते २४५७६ करायचे आहेत. आकड्याआधी शून्य-टी लावायचं, नाहीतर एडीबी तो हेक्स (सोळाच्या पायातला) समजतो, हे माहीत आहे. लिहिण्याच्या आज्ञेतला मोठा डब्ल्यू चार बाइट लिहितो, छोटा दोनच, हेही. नावापुढे स्लॅश दिला तर फक्त चालू मेमरी बदलते आणि रीबूटला सगळं पूर्ववत. प्रश्नचिन्ह दिलं तर थेट व्हीएमयुनिक्स, म्हणजे डिस्कवरच्या कर्नलच्या फाइलवर लिहिलं जातं.

अडलंय ते इथे: मेमरीत बदल केल्यावर आधीपासून ऐकत बसलेल्या इनेटडीमार्फत (बाहेरून येणाऱ्या जोडण्या स्वीकारणारा प्रोग्राम) येणाऱ्या नव्या एफटीपी (फाइल पाठवण्याच्या) जोडण्यांना नवं मूल्य मिळतं, की इनेटडी पुन्हा सुरू करावा लागतो? आणि फाइलवर लिहिण्यापेक्षा आरसी.लोकलमध्ये (मशीन सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) एडीबीची ओळ टाकणं बरं का? मला दुसरं सुरक्षित वाटतं. व्हीएमयुनिक्सची प्रत काढून ठेवली आहेच. पुण्यात कुणाकडे अशी मशीन चालू असेल तर घेऊन यायचीही तयारी आहे, फक्त मॉनिटर तुमचा.