'सनद' कोणाची आणि परवाना कशाचा?

प्रश्न (अमळनेर):
भाचीला वकिलीची सनद मिळाली, घरोघर पेढे वाटले. तिचा नवरा फार्मासिस्ट, त्याला 'रजिस्ट्रेशन' मिळालं. दुकान टाकलं तेव्हा 'लायसन'. एकाच घरात तीन शब्द. मेडिकलवाल्याची 'सनद रद्द' असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर (धुळे):
नाही चालणार. बोलण्यात सनद म्हणजे वकिलीचाच दाखला. १९६१ च्या वकिलांच्या कायद्यात मात्र 'नामावलीवर नोंद' असा प्रकार आहे. म्हणून कलम ३५ खाली बार कौन्सिलच्या शिस्तभंग समितीने कडक शिक्षा केली तर नामावलीतून नाव कमी होतं. लोक म्हणतात, "सनद गेली." ठरावीक मुदतीची बंदी असेल तर ते निलंबन. इथे एक गोम आहे. सरकारी नोकरी लागली की वकील स्वतःच सनद 'सस्पेंड' करून घेतो, कारण पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली सोबत चालत नाही. सस्पेंड ऐकलं की गावात कुजबुज सुरू होते, यानं काय केलं म्हणून. काही केलेलं नसतं, पोरगा नोकरीला लागलेला असतो!

'सनद फी' हा शब्दही हल्ली खूप ऐकू येतो. कायद्यात रक्कम ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. बार कौन्सिलं मात्र वेगवेगळ्या नावांखाली हजारो रुपये घ्यायची, एखाद्या राज्यात तर चाळीस हजारांच्या वर. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केलं: कायद्यातल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही. पण निकाल पुढच्या काळासाठी, आधी भरलेले पैसे परत नाहीत. आमच्यासारख्यांनी भरले ते भरले.

उत्तर (भुसावळ):
मेडिकलवाल्यांचं सांगतो. नोंदणी माणसाची, परवाना जागेचा. फार्मासिस्टचं नाव राज्य फार्मसी कौन्सिलच्या रजिस्टरवर, १९४८ च्या कायद्याखाली. दुकानाचा परवाना अन्न व औषध प्रशासन देतं. दुकानाचं लायसन गेलं म्हणून फार्मासिस्टची नोंदणी आपोआप जात नाही. त्यामुळे बातमी देताना 'परवाना रद्द' की 'नोंदणी रद्द' हे बघूनच लिहावं. डॉक्टरांच्या बाबतीत वरची संस्थाच बदलली. २५ सप्टेंबर २०२० पासून मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. आमच्याकडे अजून सगळे 'एमसीआय'च म्हणतात.

उत्तर (शहादा):
'सनदी लेखापाल' विसरलात. तिथे सनद वकिलीबाहेर गेलीच आहे. 'सनदी अधिकारी' तर आणखी वेगळे, त्यांच्यावर कुठलंच कौन्सिल नाही. 'नागरिकांची सनद' ही तहसील कचेरीच्या भिंतीवर असते आणि ती रद्द होत नाही, फक्त कोणी वाचत नाही. बाकी आमच्या अहिराणीत "वकीलनी सनद गयी" एवढंच. निलंबन की नाव कमी, ते ज्याचं त्यानं विचारून घ्यायचं.

पुन्हा अमळनेर:
म्हणजे जावयाचं लायसन, भाचीची सनद. उद्या तिला सरकारी नोकरी लागली तर 'सस्पेंड' हा शब्द आधी आईला समजावून ठेवतो.