व्हिएन्नाला कॉन्फरन्स, सोबत आई: ब्रनो + प्राग जमेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरमध्ये व्हिएन्नाला प्लांट जेनेटिक्सची कॉन्फरन्स आहे, माझं पोस्टर सिलेक्ट झालंय आणि यावेळी आईला सोबत नेतेय. कॉन्फरन्स शुक्रवारी दुपारी संपते, परतीचं विमान व्हिएन्नाहूनच मंगळवारी सकाळी. मधल्या वेळात काय करावं यावर डिपार्टमेंटमध्ये प्रत्येकाचं वेगळं मत, कोणी म्हणतं प्राग-बुडापेस्ट दोन्ही उरकून घ्या, कोणी साल्झबर्ग-हालश्टाट. मला उरकायचं नाहीये, मला चेक रिपब्लिकमधल्या ब्रनोला जायचंय.

बीएस्सीच्या मुलांना दरवर्षी मेंडेलचे वाटाणे शिकवते, ते ज्या मठाच्या बागेत लावले तो सेंट थॉमसचा मठ ब्रनोत आहे, आता तिथे म्युझियम आहे आणि मेंडेलच्या ग्रीनहाउसचा पायाही शिल्लक आहे. १८५६ ते १८६३ हा माणूस एकेका फुलातले पुंकेसर काढून दुसऱ्या झाडाचे परागकण त्यावर टाकत राहिला, हजारो रोपं, आणि १८६५ मध्ये त्यातून निघालेले आनुवंशिकतेचे नियम ब्रनोतच वाचून दाखवले तर महत्त्व कोणाला कळलं नाही! मी तुरीत क्रॉसिंग (असाच दोन झाडांचा संकर) करते, कळी उमलायच्या आत चिमट्याने पुंकेसर काढताना हात जरा हलला की कळी गेलीच, त्यामुळे मला त्याच्या थिअरीइतकंच त्याच्या हातांचंही नवल वाटतं. शिवाय तो १८५१ ते ५३ व्हिएन्ना युनिव्हर्सिटीत शिकला, डॉप्लर इफेक्टवाला डॉप्लर त्याला फिजिक्स शिकवायला होता, म्हणजे दोन्ही गावं पाहिली तर माझ्यासाठी ट्रिप पूर्ण.

व्हिएन्ना-प्राग ट्रेन ब्रनोवरूनच जाते, ब्रनोपर्यंत साधारण दीड तास, पुढे प्राग अडीच. शनिवारी ब्रनोत उतरून मुक्काम, रविवारी प्राग, सोमवारी संध्याकाळी परत व्हिएन्ना, असं आईला झेपेल का? तिचे गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर चालते पण प्रागच्या जुन्या भागात सगळीकडे दगडी फरसबंदी आहे ना, तिथे ट्रामने कितपत जवळ जाता येतं? एकच तिकीट काढून मधे मुक्काम चालतो की दोन वेगळी काढायची?

दुसरं म्हणजे मी सेशन्समध्ये असताना आई दिवसभर एकटी काय करेल. इंग्रजी तिला कामापुरतं येतं. शोनब्रुनची बाग फुकट आहे, तिला झाडांची आवड आहे, तिथे बसायला बाकं वगैरे भरपूर आहेत का? आई अंडंही खात नाही, त्यामुळे छोटं किचन असलेलं अपार्टमेंट बघतेय, भाकरीचं पीठ आणि मेतकूट नेणारच आहे.

आणि व्हिसा. जास्त रात्री ऑस्ट्रियात म्हणून अर्ज ऑस्ट्रियाचाच, ३०,००० युरो कव्हरचा इन्शुरन्सही घेतलाय. पण इन्व्हिटेशन लेटर फक्त माझ्या नावाचं आहे. तर आईच्या अर्जाला काय जोडायचं, तिचा खर्च मी करतेय असं माझं पत्र आणि माझं बँक स्टेटमेंट पुरेल का? आईवडिलांना असं नेलेलं कोणी असेल तर प्लीज सविस्तर लिहा. अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, तेव्हा बाकीचं नंतर सांगितलंत तरी चालेल, व्हिसाचं आधी सांगा.