आयर्लंड बघायला आलिशान रेल्वेगाडी खरंच हवी का?

दगडी_कुंपण
परवा इथे एका लेखात असं लिहिलंय की ‘ग्रँड हिबर्नियन’ ही तिथली आलिशान रेल्वेगाडी बंद पडली आणि आयर्लंडचा ग्रामीण भाग नीट बघायची सोयच संपली, म्हणून ती गाडी परत आलीच पाहिजे. उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आयर्लंडचा जो भाग बघायला लोक जातात, तिथे आज रूळच नाहीत. गॉलवेहून कॉनेमारातून क्लिफ्डनला जाणारी लाइन १८९५ला सुरू झाली आणि १९३५ला बंद. अ‍ॅकिलची १९३७ला गेली. डोनेगॉलची अरुंद रुळांची प्रवासी गाडी १९५९च्या अखेरीस थांबली. वेस्ट कॉर्क आणि वेस्ट क्लेअर दोन्ही १९६१ला. १९२०च्या सुमारास बेटावर साधारण ५,६०० किमी रेल्वे होती, आज जेमतेम निम्मी उरली आहे. मग ही गाडी करायची काय? किलार्नी किंवा वेस्टपोर्टला उतरवून पाहुण्यांना बसमध्ये बसवायची. शेवटी बसनेच फिरायचं असेल तर इतके पैसे कशाचे?

उरलेल्या मार्गांवर दोन्ही बाजूंना झाडोरा माजलाय. वाफेच्या इंजिनांच्या काळात ठिणग्यांनी आगी लागू नयेत म्हणून उतार साफ ठेवत. आता उन्हाळ्यात मैलोन्मैल हिरवी भिंत दिसते आणि मध्येच गायी.

लोहमार्गी
झाडोऱ्याचं मान्य, बाकी नाही. ग्रामीण आयर्लंड म्हणजे फक्त कॉनेमाराच का? पोर्टार्लिंग्टन, टलमोर, क्लॅरा, अ‍ॅथलोन या पट्ट्यातलं बॉग, म्हणजे दलदलीची जमीन, रेल्वेतून जसं दिसतं तसं मोटारवेवरून दिसत नाही. बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने तिथलं पीट, म्हणजे जळणाची दलदली माती, काढणं थांबवल्याचं २०२१मध्ये जाहीर केलं. ती उघडी काळी जमीन आता पाण्याखाली आणि झुडपांखाली जातेय. हा बदल बघायला ती खिडकी उत्तम आहे. पुढे अ‍ॅथलोनला शॅनन नदीवरचा १८५१चा लोखंडी पूल.

शिवाय उजेडाचा हिशेब तुम्ही केलेलाच नाही. जूनच्या अखेरीस गॉलवेत सूर्य रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो. आठला जेवायला बसलात तर पूर्ण जेवण उजेडात होतं. दोन डायनिंग कार आणि शेवटी निरीक्षण डबा असलेली गाडी या अक्षांशावर जितकी शोभते तितकी आपल्याकडे शोभत नाही.

सिग्नल_पडला
आपल्याकडचा विषय निघालाच आहे तर: डेक्कन ओडिसी रात्री धावते आणि दिवसा उभी राहते, कारण मुंबई ते वेरूळ ते गोवा अंतरंच तशी आहेत. हिबर्नियन उलट, रात्री उभी असायची. डब्लिन-कॉर्क २६६ किमी, साधी गाडी अडीच तासांत पोचते. रात्रभर चालवलीत तर देश दोनदा ओलांडाल. त्यात बहुतेक मार्ग एकेरी, आणि रात्री रुळांची कामं चालतात. म्हणून साइडिंगला लावून पाहुण्यांना शांत झोपू देणं हाच शहाणपणा होता. ‘रेल्वेत झोपलो पण रेल्वे हललीच नाही’ ही तक्रार करणाऱ्यांना नकाशा दाखवा.

गाडीत चाळीसच प्रवासी, वीस खोल्या, दहा डबे. प्रत्येकी २३ मीटर, म्हणजे २३० मीटर, वर इंजिन. एवढी लांबी प्रत्येक फलाटावर आणि लूपमध्ये, म्हणजे गाड्या बाजूला घ्यायच्या रुळावर, मावत नाही. शेवटच्या स्टेशनावर इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचं तर बाजूचा रूळ मोकळा हवा. किलार्नीची रचना अशी की ट्रलीच्या गाडीलाही उलटं यावं-जावं लागतं. गॉलवेहून वेस्टपोर्टला जाताना तर परत अ‍ॅथलोनपर्यंत पूर्वेला यायचं, तिथे दिशा बदलायची आणि मग मेयो परगण्याच्या लाइनला लागायचं. मधला अ‍ॅथेनराय-टूअम-क्लेअरमॉरिस तुकडा बंद आहे ना! तो सुमारे ५० किमीचा तुकडा चालू असता तर अर्धा दिवस वाचला असता.

दगडी_कुंपण
म्हणजे माझाच मुद्दा झाला की. रूळ नाहीत, म्हणून फेरा.

केरीची_वाट
‘परत आणा’ म्हणणाऱ्यांनी हे समजून घ्या की आणायला डबेच उरले नाहीत. ते आयर्लंडच्या रेल्वेचेच जुने मार्क ३ डबे होते, १९८०च्या दशकात आलेले आणि २००९ला सेवेतून काढलेले. बेलमंड या आलिशान सहलींच्या कंपनीने घेऊन आतून नवे केले आणि ऑगस्ट २०१६ला गाडी सुरू केली. २०२०ला कोविडने थांबली, पुढच्या वर्षी बंद झाल्याचं जाहीर झालं. तेच डबे आता इंग्लंड-वेल्समध्ये ‘ब्रिटानिक एक्सप्लोरर’ म्हणून जुलै २०२५पासून धावतात. आयर्लंडचे रूळ १६०० मिमीचे, ब्रिटनचे १४३५चे. डब्याचं शरीर मुळात ब्रिटिश आराखड्याचं असल्यामुळे खालच्या चाकांच्या ट्रॉल्या बदलून भागलं. उलट दिशेने कुणाची आयती गाडी आणता येत नाही. आपली ब्रॉडगेज १६७६ची, तीही जुळत नाही. म्हणजे नव्याने सगळं: ट्रॉल्या, वीस शॉवरचं पाणी, मैल्याच्या टाक्या, विजेसाठी जनरेटरचा डबा, इंजिन आणि चालक भाड्याने. हंगाम जेमतेम वसंत ते शरद. चाळीस माणसांवर हा खर्च बसवायचा तर तिकीट तसंच असणार. ते ‘लूट’ वगैरे म्हणणाऱ्यांनी आधी ही यादी वाचा.

व्हिसा_प्रथम
एक गोष्ट कुणीच लिहीत नाही. त्या गाडीची दोन रात्रींची फेरी बेलफास्टलाही जायची. बेलफास्ट युनायटेड किंगडममध्ये. सीमेवर पासपोर्ट बघत नाहीत, म्हणून चालतं असा समज आहे, पण कायद्याने चालत नाही. भारतीय पासपोर्टवर नुसता आयरिश व्हिसा असेल तर उत्तर आयर्लंडमध्ये पाऊल टाकता येत नाही. व्हिसावर ब्रिटिश-आयरिश योजनेचा, म्हणजे ‘बीआयव्हीएस’, शेरा हवा, आणि ज्या देशाने व्हिसा दिला तिथे पहिला प्रवेश करायला हवा. डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्यांचं रहिवासी कार्डही तिथे पुरत नाही, वेगळा ब्रिटिश व्हिसा लागतो. डब्लिन-बेलफास्ट ‘एंटरप्रायझ’ गाडीलाही हेच लागू. आयर्लंडचं काहीही बुक करण्याआधी हे बघा, मग खिडकीतून काय दिसतं यावर भांडा.

लोहमार्गी
उपयुक्त माहिती आहे, पण धागा रेल्वेचा आहे. त्या अ‍ॅथेनराय-क्लेअरमॉरिसबद्दल बोलू. त्या मार्गावर सायकलवाट करा अशी मागणी करणारे लोक मला समजत नाहीत. एकदा डांबर पडलं की रूळ परत येत नाहीत.

सायकलची_घंटी
का येत नाहीत? रूळ पडून गंजत असताना जमीन बळकावली जाते, पूल खचतात. वाट केली तर निदान मार्ग सार्वजनिक मालकीत राहतो. वेस्टपोर्ट-अ‍ॅकिल ४२ किमी आणि वॉटरफर्ड-डंगार्व्हन ४६ किमी, दोन्ही जुन्या रेल्वेवर. माणसं तिथे राहतात, खातात, थांबतात. तुमच्या आलिशान गाडीचे चाळीस पाहुणे गाडीतच जेवतात आणि गाडीतच झोपतात. त्या अ‍ॅकिलच्या वाटेवरच्या न्यूपोर्टच्या चहावाल्याला त्यातून काय मिळतं?

लोहमार्गी
या दोन्ही लाइन कधीच्या उखडलेल्या होत्या, तिथे सायकलवाटेला विरोध कुणी केला? रूळ जागेवर असलेल्या लाइनबद्दल बोला. वॉटरफर्ड-रॉसलेअर २०१०च्या सप्टेंबरमध्ये बंद केली. बॅरो नदीवरचा १९०६चा पूल, साडेसहाशे मीटर, प्रजासत्ताकातला सगळ्यात लांब रेल्वेपूल, रिकामा उभा आहे. दिवसाला एकच गाडी, तीही अडचणीच्या वेळेला, मग ‘प्रवासी नाहीत’ म्हणायचं! लिमरिक जंक्शन-वॉटरफर्डचंही तेच चाललंय: दिवसाला दोन गाड्या, रविवारी एकही नाही. अशी लाइन मारायची आणि मग तिच्यावर सायकली फिरवायच्या, याला विकास म्हणू नका.

सायकलची_घंटी
आवाज खाली ठेवा. बंद करणारे सायकलवाले नव्हते.

सिग्नल_पडला
दोघांनीही २०२४च्या जुलैचा अखिल-बेट रेल्वे आढावा वाचावा. त्यात अ‍ॅथेनराय-क्लेअरमॉरिस पुन्हा सुरू करायची शिफारस आहे, पोर्टडाउन-डेरी आणि लेटरकेनीचीही. म्हणजे या तुकड्यापुरतं लोहमार्गी बरोबर आहेत, आणि अ‍ॅकिलपुरतं सायकलवाले. पैसे कधी मंजूर होतील हा वेगळा प्रश्न.

सायकलची_घंटी
अ‍ॅथेनरायचं सोडून देतो. न्यूपोर्टचं नाही.

केरीची_वाट
आता मूळ प्रश्न. लाखो रुपये न घालता खिडकी हवी असेल तर साध्या गाड्यांत हे करा. डब्लिनहून रॉसलेअरला जाताना डाव्या बाजूला बसा, ब्रेच्या टेकडीला चिकटून समुद्र दिसतो. तो मार्ग ब्रुनेल या इंजिनिअरने आखलेला. बेलफास्टहून डेरीला जाताना उजवीकडे बसा, कासलरॉकनंतर बोगदे, डाउनहिलचा किनारा, मग लॉक फॉयलची खाडी. कॉर्कहून कोव्ह साधारण पंचवीस मिनिटं, जाताना उजवीकडे. कॉर्क गाडीला प्रीमियर वर्ग आहे, एंटरप्रायझला फर्स्ट प्लस. झाडोरा नको असेल तर एप्रिलच्या सुरुवातीला जा, पानं फुटायच्या आधी.

दगडी_कुंपण
ही यादी मात्र उपयोगाची. यातली एकही लाइन आलिशान गाडीवाचून अडत नाही, एवढं नोंदवतो.

लोहमार्गी
पण एप्रिलमध्ये रात्री दहाचा उजेड मिळत नाही. पानं नको असतील तर उजेड सोडा, उजेड हवा असेल तर झाडोरा सोसा. आणि संध्याकाळभर आरामात जेवत जायचं सुख अडीच तासांच्या कॉर्क गाडीत नाही, कितीही वरचा वर्ग घ्या.