मदत हवी आहे: पीएफटीत (फुप्फुसांच्या फुंकण्याच्या चाचणीत) गुणोत्तर ०.७१ आलं, एक डॉक्टर म्हणतात नॉर्मल, दुसरे म्हणतात सुरुवात झालीय

नमस्कार मंडळी,

वय ४६. सिगारेट २२ वर्षं, रोजच्या पंधराएक. (त्यावरचं व्याख्यान घरी रोज मिळतं, इथे माफ करा.) सकाळचा खोकला इतका अंगवळणी पडलाय की तो आजार वाटतच नव्हता. पण गेल्या महिन्यात मुलीशी बोलत जिना चढत होतो आणि दुसऱ्या मजल्यावर माझं वाक्य अर्ध्यातच तुटलं. ती पुढे होती, वळून बघायला लागली. एक्स-रे काढला, स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, श्वासनळ्या अरुंद झाल्यात का हे एक्स-रेत कळत नाही, पीएफटी करा.

केली. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी आणि समोर टेक्निशियन बाई "फुंका, अजून, अजून, अजून!" ओरडताहेत. चौथ्या सेकंदाला खोकल्याची उबळ यायची आणि मी थांबायचो. मग श्वासनळ्या उघडणाऱ्या औषधाच्या पंपाचे चार झटके दिले, पंधरा मिनिटं बाकावर बसवलं, पुन्हा तेच.

पंपाआधी: एफईव्ही-१ २.४८ लिटर, एफव्हीसी ३.६५, गुणोत्तर (पहिला आकडा भागिले दुसरा) ०.६८
पंपानंतर: २.६२ लिटर, ३.७०, गुणोत्तर ०.७१

पहिले डॉक्टर म्हणाले ०.७० च्या वर आहे, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) नाही. दुसरे म्हणाले सुरुवात झालीय, पंप सुरू करा. कोणाचं धरू?

प्रतिसाद १
साधा पीक फ्लो मीटर आणून घरीच फुंकून बघा की. उगाच दोन-दोन डॉक्टर कशाला?

प्रतिसाद २
पीक फ्लो दम्याचे रोजचे चढउतार बघायला ठीक. सीओपीडीचं निदान त्यावर करत नाहीत.

धागाकर्ते, मी ही चाचणी रोज घेते. मला ०.७१ पेक्षा तुमचे ते चार सेकंद खटकले. एफईव्ही-१ म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा. एफव्हीसी म्हणजे छाती पूर्ण रिकामी होईपर्यंत आलेली सगळी. नळ्या अरुंद असल्या की शेवटची हवा रेंगाळत, चुटूचुटू येते. तुम्ही मध्येच थांबलात तर ती मोजलीच जात नाही. पहिल्या सेकंदाचा आकडा तोच राहतो, भाजक मात्र लहान होतो. मग भागाकार मोठा. म्हणजे अर्धवट फुंकणाऱ्याचा रिपोर्ट उलट चांगला दिसतो!

रिपोर्टवर वेळ आणि आकारमानाचा आलेख असेल. त्याची शेपटी सपाट झालीय की वर चढता चढता तुटलीय?

धागाकर्ता
आत्ता बघितलं. तिन्ही रेषा चढत्या असतानाच तुटल्यात. एकीला तर टोकाशी दाते आहेत, तो बहुधा खोकला.

प्रतिसाद २
मग या रिपोर्टवरून कोणतेच डॉक्टर ठामपणे काही सांगू शकत नाहीत. शेवटच्या एका सेकंदात २५ मिलीपेक्षा कमी भर पडली की रेषा सपाट झाली असं आम्ही धरतो. तीन फुंकी चांगल्या हव्यात आणि त्यातल्या सर्वोत्तम दोनमध्ये १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको. शिवाय पंपानंतरचं गुणोत्तर ०.६० ते ०.८० च्या मध्ये असेल तर वेगळ्या एखाद्या दिवशी पुन्हा चाचणी करावी असं जागतिक मार्गदर्शक सूचनांतही आहे.

जाण्याआधी तासभर तरी सिगारेट नको, पट्टा सैल ठेवा. खोकला येतो हे आधीच सांगा, दोन फुंकींमध्ये जास्त विश्रांती देतील.

प्रतिसाद ३
०.७० हीसुद्धा काही दगडावरची रेघ नाही. वयानुसार हे गुणोत्तर निरोगी माणसातही उतरतं. त्यामुळे एकाच आकड्यावर बोट ठेवलं तर म्हाताऱ्यांना उगाच शिक्का बसतो आणि तरुणांतला खरा अडथळा सुटतो. तुमच्या वयाची नॉर्मलची खालची मर्यादा रिपोर्टवर छापली आहे का, ते विचारा. आणि चाचणी नॉर्मल आली तरी फुप्फुसं धुतल्या तांदळासारखी आहेत असं नाही, सुरुवातीचा एम्फिसीमा (फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्या खराब होणं) यात लपू शकतो. कॅन्सर तर ही चाचणी शोधतच नाही.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी)
पुन्हा केली, दुसरीकडे. सहा वेळा फुंकलं. शेवटच्या खेपेला डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण रेषा सपाट झाली. पंपानंतर एफईव्ही-१ २.६०, एफव्हीसी ३.९२. गुणोत्तर ०.६६. एफईव्ही-१ अपेक्षेच्या ८२ टक्के, म्हणजे अडथळा आहे पण सौम्य. दुसरे डॉक्टर बरोबर निघाले, रिपोर्ट मात्र चुकीचा होता.

गेलेलं परत येणार नाही, पण सिगारेट सोडलीत तर घसरण न ओढणाऱ्यांच्या वेगावर येऊ शकते, असं ते म्हणाले. आज अकरावा दिवस. निकोटीनचं च्युइंगम वापरून सोडलेलं इथे कोणी आहे का? मला त्याने उचक्या लागताहेत. नवा धागा काढू की इथेच विचारू?